राहिलेले दोनशे मीटर

लिफ्टचं दार मिटत आलं होतं, तेवढ्यात कुणीतरी हात मध्ये घातला आणि अवधूत आत आला. इराणहून परस्पर पुण्याला सुट्टीवर गेलेला तो परवाच परतला होता. केस नुकते कापलेले, चेहऱ्यावर घरच्या जेवणाची तुकतुकी. "सदाभाऊ! दुखानची माणसं आज दोह्यात, वेस्ट बेमध्ये कशी काय?" सदानंदने सांगितलं, तिमाही मीटिंग, एकोणतिसावा मजला. अवधूतचं ऑफिस त्याच टॉवरमध्ये चौतिसाव्यावर होतं. त्याने खिशातून फोन काढलाच होता. "हा फोटो बघितलात का? वहिनींचा. आमच्या कोमलने काढलाय. पुण्यात ज्याला ज्याला दाखवला तो म्हणाला, ह्या बाई कोण?" सदानंदने चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला. काळसर निळं पाणी, पलीकडच्या काठाला चिकटून राहिलेला बर्फाचा पांढरा पट्टा, भोवती मोडक्या दातांसारखे दगड, आणि अलीकडच्या काठावर उकिडवी बसलेली त्याची बायको, मृणालिनी. अंगात त्याचंच नारिंगी जाकीट, बाह्या दुमडलेल्या. एक हात मनगटापर्यंत पाण्यात. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. "वहिनी आमच्या सगळ्यांच्या आधी पोचल्या वर. सांगितलं असेलच म्हणा त्यांनी." "हो, हो," सदानंद म्हणाला, "सांगितलं ना." लिफ्ट भरधाव वर चालली होती. विसाव्या मजल्यापाशी नेहमी बसतात तसे त्याच्या कानांना दडे बसले, आणि पुढे अवधूत जे काही बोलला ते त्याला कापसातून आल्यासारखं ऐकू आलं.

मृणालिनी तळ्यापर्यंत पोचलीच नव्हती. दोनशे मीटर राहिले होते. हे तिने स्वतः सांगितलं होतं, फोनवर, आणि परत आल्यावर पुन्हा एकदा, बॅग उघडता उघडता. सव्वा महिना सदानंद हे वाक्य घेऊन हिंडत होता. टाऊनशिपमध्ये कुणी विचारलं की तोच पुढे होऊन सांगायचा, "दोनशे मीटर राहिलं हो हिचं. पण पन्नाशीतल्या बाईने तिथवर जाणं म्हणजे काय चेष्टा आहे?" हे सांगताना त्याचा आवाज मऊ व्हायचा. मृणालिनी शेजारी उभी असली तर खाली बघायची. त्याला वाटायचं, बिचारीला अजून लागतंय.

मीटिंगमध्ये प्रेशर ट्रान्समीटरच्या चुकीच्या रीडिंगवर चर्चा होती. या विषयावर बोलायला त्यालाच बोलावलं होतं, आणि तो बोललाही. सत्तावीस वर्षं तो उपकरणांचा इंजिनियर होता. काटा कुठे खोटं बोलतो आणि किती, हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पण बोलताना काचेपलीकडचा समुद्र त्याला दिसत होता, उन्हाने पांढरा पडलेला, सपाट. त्याच समुद्राच्या पल्याड इराण. या देशात सपाटीशिवाय काही नव्हतं. कतारचा सगळ्यात उंच डोंगर शंभर मीटरच्या थोडा वर, म्हणजे हा टॉवरच त्याच्यापेक्षा उंच. अशा देशात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला पावणेपाच हजार मीटरवरच्या तळ्याचं वेड लागलं, तर त्यात नवल काय?

वेड लागलं होतं अकरा वर्षांपूर्वी, एका कंटाळवाण्या दुपारी. कुठल्याशा पाइपलाइनसाठी उपग्रहाचा नकाशा उघडला असताना बोट घसरलं, नकाशा आखात ओलांडून वर सरकत गेला, आणि इराणच्या पार वायव्य कोपऱ्यात, तपकिरी सुरकुत्यांच्या मधोमध, एक निळा डोळा दिसला. सबलान. झोपलेला ज्वालामुखी आणि त्याच्या तोंडात साचलेलं तळं. वर्षातले बहुतेक महिने ते गोठलेलं असतं, ऑगस्टमध्ये थोडे दिवस डोळा उघडतो. सदानंदने ते पान जपून ठेवलं. मग पानांची फाइल झाली. शाबिल गावातले गरम पाण्याचे झरे, तिथून जीप, साडेतीन हजारांच्या वरचा निवारा, तिथून पहाटे अंधारात निघायचं, बैलाएवढ्या दगडांवरून हात टेकत सहा-सात तास चढायचं. तळ्याची प्रत्येक ऋतूतली छायाचित्रं त्याच्याकडे होती. मृणालिनीला तो ती जेवताना दाखवायचा. ती पोळी वाढता वाढता मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, "छान आहे हो." एका वर्षी मुलीची, अनुष्काची, दहावी आली, एका वर्षी आईचं आजारपण, मग कोरोना. अखेर गेल्या हिवाळ्यात अवधूत, त्याची बायको कोमल, मेसईदच्या खत कारखान्यातला वेदांत आणि तो, असा चौघांचा बेत पक्का झाला. दर शुक्रवारी सकाळी अवधूतच्या बिल्डिंगचे चाळीस मजले पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन चढायचे. मृणालिनीही यायची. "तुम्हाला जिन्यात काही झालं तर बघायला कोण?" म्हणून. तिच्या पाठीवर काही नसायचं, हातात फक्त लिंबूसरबताची बाटली.

आणि जिन्यात झालंच. एप्रिलमध्ये, सव्विसाव्या मजल्यावर. फार काही नाही, छातीवर कुणी हात ठेवल्यासारखं. डॉक्टर उमैर लाहोरचे, बोलायला गोड. एक स्टेंट घालून झाल्यावर पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "सदानंद साहब, दो हज़ार मीटर तक शौक़ से जाइए। उससे ऊपर का ख़याल खलास। पहाड़ कहीं भागा नहीं जा रहा, पर दिल भाग सकता है।" सदानंद हसला होता. घरी येऊन त्याने आधी ग्रुप सोडला, त्यांचे बुटांचे आणि मोज्यांचे मेसेज वाचवेनात म्हणून. दोन आठवड्यांनी, आमटी वाढता वाढता मृणालिनी म्हणाली, "तुमच्या जागी मी गेले तर?" त्याला वाटलं थट्टा आहे. तो हसला. ती हसली नाही, डाव आमटीत तसाच धरून उभी राहिली.

त्याने हो म्हटलं. नुसतं हो नाही, त्याने तिला तयार केलं. रोज किती मजले, कुठल्या आठवड्यात किती वजन, सगळ्याचा तक्ता फ्रिजवर लावला. आपली सॅक तिला दिली. तिच्या खांद्यांना बसावी म्हणून पट्टे ओढून आखूड केले, तेव्हा उरलेली टोकं लोंबायला लागली. लोंबणाऱ्या त्या टोकांकडे बघून त्याला कसंनुसं झालं होतं. आपली चामडी काढून दुसऱ्याच्या अंगावर बसवावी तसं. ती चांगली चढायला लागली. जूनमध्ये ती चाळीस मजले न थांबता चढली. खाली खुर्ची टाकून बसलेल्या सदानंदला फोन करून म्हणाली, "अहो, मी गच्चीत आहे." धाप लागलेली, पण आवाज कसा? चिंच चोरून आणलेल्या मुलीसारखा. त्याने घड्याळ बघून वेळ वहीत लिहिली. आपल्यापेक्षा चार मिनिटं कमी. त्या दिवशी घरी परतताना त्याने तिला अगदी शांतपणे सांगितलं, की जिना चढणं वेगळं आणि उंचीवर चढणं वेगळं. उंचीवर भलेभले आडवे होतात.

मीटिंग संपली. कुणीतरी "शुक्रान, मिस्टर उपासनी" म्हणत त्याचे आभार मानले. तो खाली येऊन गाडीत बसला, एसी लावला, आणि स्टिअरिंग हाताला सोसवेल इतकं निवेपर्यंत तसाच थांबून राहिला. मग दुखानच्या रस्त्याला लागला. ऐंशी किलोमीटर नाकासमोर पश्चिमेला, दुपार कलल्यावर सगळा सूर्य काचेवर. हा रस्ता त्याला आवडायचा, कारण यात करायचं काही नसायचं.

तो मंगळवार त्याला मिनिटामिनिटाने आठवत होता. मृणालिनी वर चढत होती तो मंगळवार. त्याने रजा घेतली होती. पहाटेपासून डायनिंग टेबलावर फाइल उघडून बसलेला. इराणचं घड्याळ अर्धा तास पुढे. आता निघाले असतील. आता गरुडाच्या आकाराच्या त्या खडकापाशी असतील. आता साडेचार हजार. त्याने दात घासले नव्हते, चहा दोनदा गार झाला होता. काळजी होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण काळजीच्या खाली दुसरं काहीतरी वळवळत होतं आणि तो त्याच्याकडे बघत नव्हता. दहा वाजले, अकरा वाजले. अकरा वर्षं मनाशी गिरवलेल्या त्या काठावर आता दुसरंच कुणी चाललं असेल. दुसरं कुणी कसलं, ती. जिला सबलान हे नाव पाच वेळा सांगूनही 'सलबान' म्हणायची सवय होती, ती. अडीचला फोन वाजला. वाऱ्याचा फरफर आवाज, त्यातून तिचा. "ऐकू येतंय का? आम्ही निवाऱ्यावर परत आलो. सगळे नीट आहोत." तो काय म्हणाला होता? "बरं झालं, बरं झालं" म्हणाला होता, आणि काहीतरी विचारलं होतं. मग वाराच वारा. मग ती म्हणाली, "नाही. दोनशे मीटर राहिलं. पाय उचलेना." त्याने तिला किती समजावलं! अगं असू दे, तू तिथवर गेलीस हेच पुष्कळ, डोंगर कुठे पळून जातोय? डॉक्टर उमैरचं वाक्य त्याने तिला जसंच्या तसं दिलं. फोन ठेवल्यावर त्याला सपाटून भूक लागली. त्याने दहीभात कालवला, वर लोणच्याच्या दोन फोडी घेतल्या, उभ्याउभ्याच खाल्ला. मग बाथरूममध्ये आंघोळ करताना आपण शीळ घालतोय हे त्याच्या लक्षात आलं, आणि तरीही त्याने ती थांबवली नाही.

त्या शिळेची त्याला आता गाडीत लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी होतं आणि ते फोटोतल्या चेहऱ्याशी येऊन अडत होतं. हात पाण्यात घातलेल्या त्या बाईच्या तोंडावर जे होतं ते त्याने सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. लग्नात नाही, अनुष्का झाली तेव्हा नाही, कधीच नाही. आनंद म्हणावा तर तसा नव्हता. कुणाशी तरी खूप खासगी बोलणं चाललंय आणि आपण चुकून दार उघडलंय, असं काहीतरी. दुसरा कुणी पुरुष असता तर बरं झालं असतं. त्याच्याशी भांडता आलं असतं, त्याला शिव्या देता आल्या असत्या. पाण्याला काय म्हणणार? आणि तेही आपणच शोधलेलं पाणी. पाच आठवडे ती हा चेहरा घरात लपवून वावरत होती. त्याच्यासमोर भाजी चिरत होती, त्याच्या बीपीच्या गोळ्या काढून ठेवत होती, तो पाहुण्यांपुढे तिची कीव करायचा ती मुकाट ऐकून घेत होती. म्हणजे कीव कोण कुणाची करत होतं?

शहानियाच्या पेट्रोल पंपावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि करक चहा मागवला. तेवढ्यात अनुष्काचा फोन आला. ती मँचेस्टरला शिकत होती, दुपारच्या सुट्टीत रोज फोन करायची. औषधं घेतलीस का, चाललास का, तेच प्रश्न. तिचं बोलून झाल्यावर तो सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तुला आईने त्या तळ्याचं काही सांगितलं का गं?" "बाबा, यू शुड आस्क हर." "म्हणजे सांगितलंय." "शी वॉज गोइंग टू टेल यू. बाबा, प्लीज, डोन्ट बी..." तिला शब्द सापडला नाही, किंवा सापडला आणि तिने गिळला. "मी कुठे काय म्हणतोय?" तो म्हणाला. मुलीलाही ठाऊक. कोमलला, वेदांतला, पुण्यातल्या अवधूतच्या नातेवाइकांना. सबलानचं तळं सगळ्यांना वाटून झालं होतं, एक तो सोडून. चहा फार गोड होता. त्याने अर्धा टाकून दिला.

घरी पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. टाऊनशिपमधली सगळी घरं सारखी, बसकी, वाळूच्या रंगाची. बाहेर दमट उष्मा, दार उघडल्यावर एसीचा गारवा आणि मेथीचा वास. मृणालिनी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. "लवकर आलात. चहा टाकू?" त्याने बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, समोरची खुर्ची ओढली.

"अवधूत भेटला लिफ्टमध्ये."

तिचा हात थांबला. मग तिने हातातली काडी मोडली, पानं एका बाजूला टाकली, देठ दुसऱ्या. "फोटो दाखवला असेल."

"दाखवला."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला काही जमत नव्हतं सांगायला."

त्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान गडबडेल. वाटेत त्याने चार-पाच वाक्यं जुळवून ठेवली होती, ती आता कुठल्याच बाजूने बसेनात. "माझा एवढा धाक आहे का?" तो म्हणाला. "सव्वीस वर्षांत मी कधी आवाज चढवलाय तुझ्यावर?"

"धाक कशाचा?"

"मग खोटं का बोललीस?"

"फोनवर तुम्ही काय विचारलंत, आठवतं?"

"काय विचारणार? झालं का, म्हणून विचारलं असेल."

"नाही. तुम्ही विचारलंत, 'नाही ना झालं?'" तिने ते त्याच्याच आवाजात म्हटलं, चिडवण्यासाठी नाही, जसं होतं तसं. "मी 'झालं' म्हणायला तोंड उघडलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. कोमल तर हात वर करून नाचत होती. आणि तुमचा तो आवाज. इतकी आशा होती हो त्यात. माझ्या तोंडून 'नाही'च गेलं."

तो नाकबूल करणार होता. तोंडापर्यंत आलेलंही होतं. पण ते शब्द त्याला आता स्पष्ट ऐकू आले, वाऱ्याच्या फरफरीसकट. नाही ना झालं? दात न घासलेल्या त्या तोंडातून निघालेले. अकरा वाजल्यापासून वळवळत होतं ते हेच. त्याने टेबलावरचा मेथीचा एक देठ उचलला आणि नखाने सोलायला लागला.

"बरं," तो म्हणाला. "आता तर सांग. कसं होतं?"

मृणालिनीने खांदे उडवले. "काही एवढं नाही हो. फोटोत मोठं वाटतं, प्रत्यक्षात लहानच आहे. एका खडकामागे कुणीतरी प्लास्टिकच्या बाटल्या टाकल्या होत्या. माझं डोकं ठणकत होतं, धड काही बघितलंही नाही. तुम्ही उगीच चुटपुट लावून घेऊ नका."

ती हे म्हणाली आणि त्याच्या ताटात नको असताना वाढलेली पोळी परत घेते तसं अलगद हसली. तेव्हा सदानंदला कळलं की हेसुद्धा तेच आहे. दोनशे मीटर राहिलं, ते जसं होतं तसंच. बाटल्या असतील, डोकंही दुखलं असेल, पण त्याला सोसेल एवढंच तळं ती त्याला काढून देत होती, लहान, घाण, न बघितलेलं. ती आयुष्यभर असंच देत राहील. आजारी माणसाला पेज द्यावी तसं. खरं तळं तिच्याकडेच राहील.

"मृणाल," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला अनोळखी वाटला. "दया नको. वाटेल ते सांग. पण हे नको."

ती उठली. सिंकपाशी जाऊन हात धुतले, ओढणीला पुसले, पाठमोरीच उभी राहिली. खिडकीबाहेर शेजारच्या घराची भिंत होती, तिच्याकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

"खरं सांगू?"

"सांग."

"वर पोचले ना, तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं, तर तुम्ही बरोबर नाही ते किती बरं झालं."

फ्रिजची घरघर सुरू झाली.

"तुम्ही असता तर तुम्ही मला ते दाखवलं असतं," ती वळून म्हणाली. "इकडे बघ, तो बर्फ बघ, इथे खोली इतकी, हा कडा अमुक वर्षांपूर्वीचा. मी छान आहे हो म्हटलं असतं. जन्मभर तसंच बघत आले मी. तुम्ही दाखवायचं, मी छान म्हणायचं. नाशिकचं घर, हा देश, अनुष्काची शाळा, सगळंच. तिथे कुणी दाखवत नव्हतं. मागचे सगळे अजून खाली होते. मी एकटीच होते, आणि मीच बघत होते." ती थांबली. "हे तुम्हाला लागणार हे मला माहीत होतं. म्हणून बोलत नव्हते. ते दोनशे मीटर वगैरे काही नाही. ते एक निमित्त."

लागलं. छातीत नाही, तिथे आता स्टेंटची जाळी होती. जिन्यात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी तसं. पण लागता लागता त्याच्या हेही लक्षात आलं की यात दया नाही. कुठेही गोड केलेलं नाही, कडा घासलेल्या नाहीत. काट्याला जे दिसलं ते काट्याने दाखवलं. त्याला या बाईचा, समोर ओढणीला हात पुसत उभ्या असलेल्या, केसांच्या मुळाशी पांढऱ्या झालेल्या या बाईचा इतका हेवा वाटला की दात आवळले गेले. आणि तिने पुढे बोलावं असंही तितकंच वाटलं.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय?"

"एकटी होतीस. मग काय बघितलंस?"

ती परत येऊन खुर्चीत बसली, पण मेथीला हात लावला नाही. "ऊन नुकतंच आत आलं होतं. एका बाजूने..."

"पूर्वेच्या कड्यावरून. तिथे एक खिंड..." त्याच्या तोंडून निघून गेलं.

ती थांबली. त्याच्याकडे बघत राहिली, रागाने नाही. त्याने ओठ मिटले, जुडी आपल्याकडे ओढली आणि मेथीची पानं खुडायला लागला. पहिली दोन-चार पानं त्याने देठांच्याच ढिगात टाकली. तिने ती उचलली नाहीत. मशिदीची अजान कुठूनतरी सुरू झाली आणि संपली.

"बर्फ आवाज करतो," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. त्याच्या फाइलमध्ये तळ्याची प्रत्येक ऋतूतली छायाचित्रं होती, उंची होती, तापमान होतं. आवाज नव्हता. "कसा?"

मृणालिनीने डोळे मिटले, विचार केला, आणि जीभ टाळ्याला लावून घशातून एक विचित्र, लांबट आवाज काढला. मग डोळे उघडून मान हलवली.

"नाही, असा नाही," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा एकदा काढून बघितला.